गेट ते पायरी रस्ता

शेटे साहेबांनी नोकरीत किती रस्ते पास केले, ते त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. नापास केलेला मात्र पटकन सांगता येईल, कारण तो एकच आहे. शिरूर कासारला, त्यांच्याच घराच्या गेटपासून त्यांच्याच घराच्या पायरीपर्यंत. एक मोटार उभी केली की मागे माझी स्कूटी जेमतेम मावेल, एवढी त्याची लांबी. साहेब त्याला रस्ताच म्हणायचे आणि नावही पूर्ण घ्यायचे, निविदेत छापून आल्यासारखं: गेट ते पायरी रस्ता.

साहेब म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले रस्त्यांचे अभियंता. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. बँकेतली माझी पहिलीच नेमणूक शिरूरला झाली होती. खोली बघायला गेले तेव्हा साहेबांनी माझी मुलाखत दारातच, उभ्या उभ्या घेतली.

"शिक्षण?"

"बीकॉम."

"माध्यम?"

"इंग्लिश."

"असं का," म्हणत त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. "मंग याला मराठीत काय म्हणत्यात?"

मी खाली बघितलं. लाल, पिवळे आणि राखाडी सिमेंटचे ब्लॉक होते. 'ड्राइव्हवे' हा शब्द तोंडात आला होता, पण मी तो गिळला.

"पोचमार्ग," साहेब म्हणाले. "सरकारी शब्द हाय. ध्यानात ठेवा मॅडम."

"आधी चहा तरी घेऊ द्या तिला, मंग शाळा भरवा," आतून आवाज आला. त्या माई, साहेबांच्या पत्नी. खोली मला त्या आवाजामुळे आवडली. साहेबांना वाटलं, पोचमार्गामुळे.

साहेब रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचे. वरच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एकही चालायचं नाही. निवृत्त झाल्यावर सह्या संपल्या, पेनांची जागा तेवढी राहिली. कुठेही जायचं नसताना ते असे तयार होऊन दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि गल्लीतून जाणारा येणारा "साहेब" म्हणाला की हात अर्धाच वर करायचे. पूर्ण हात बहुधा वरच्या हुद्द्यासाठी राखून ठेवलेला असावा.

त्यांची भाषा मला सुरुवातीला कळायचीच नाही. मला वाटलं, माझं मराठी कच्चं आहे. मग लक्षात आलं की घरात काहीही बिघडलं की साहेब ते अहवालासारखं सांगतात. "दूध उतू गेलेलं आढळून आलं." "पाण्याची मोटार रात्रभर चालू राहिलेली आढळून आली." कोणी केलं, हे त्यात कधीच नसायचं. एकदा माझ्यासमोर त्यांच्याच कोपराने काचेचा ग्लास पडला. साहेबांनी तुकड्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ग्लास फुटलेला आढळून आला."

आणि त्यांची ती टाच. नोकरीत असताना म्हणे साहेब जीपमधून उतरायचे, नव्या रस्त्यावर टाच दोनदा आपटायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय, चालू द्या." झाली तपासणी. पुढच्या गावाला चहा. ही पद्धत त्यांनी घरीही चालू ठेवली होती. माईंसाठी नवी गादी आणली तेव्हा तिच्यावर टाच आपटली. माझ्या स्कूटीच्या टायरवर आपटली. बाजारात कलिंगड तेवढं बोटांनी वाजवायचे, पण ऐकायची तऱ्हा तीच: आवाज यायच्या आधी निकाल ठरलेला. त्यांनी पास केलेली कलिंगडं आम्ही तिघं मीठ लावून खायचो, काकडीसारखी.

तर हा पोचमार्ग. प्लॉट काळ्या मातीचा. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते, हे आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं. साहेबांना तर ते परीक्षेत आलं होतं. तरी घर बांधताना त्यांनी त्या मातीवर थोडा मुरूम टाकला, थोडी दगडाची बारीक कच टाकली आणि वर रंगीत ब्लॉक बसवून घेतले. ब्लॉक भेट आलेले होते. कुठल्याशा फुटपाथच्या कामातून उरले होते म्हणे. तो फुटपाथ अर्धाच का राहिला, असं मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

त्या पावसाळ्यात पोचमार्ग मधोमध खाली गेला. आधी बशीएवढा, मग परातीएवढा. शेवटी त्यात पाणी साचून कावळे अंघोळीला यायला लागले.

"रस्ता खचला," मी एकदा चुकून बोलून गेले.

"खचला न्हाई," साहेब म्हणाले. "बसलाय. नवा रस्ता बसतोच, मॅडम."

"धा वर्सं झाली नव्याला," माई म्हणाल्या.

"सावकाश बसतोय."

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण दिवाळीनंतर माईंच्या दोन्ही गुडघ्यांचं बीडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन रोज चाला, पण सपाट जागेवर. पाय मुरगळला तर सगळं वाया. घरी आणलं तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून तो खड्डा ओलांडून आत नेलं. साहेब पुढे चालत हाताने वाहतूक थांबवत होते. वाहतूक म्हणजे मी आणि एक शेळी.

त्या दिवसापासून माई आत आणि बाकीचं शिरूर बाहेर.

गल्लीच्या टोकाला महादेवाचं देऊळ आहे. दर सोमवारी तिथे बायकांचं भजन असतं आणि ते माई सांगायच्या. कितीतरी वर्षं. टाळ हातात घेऊन पहिली ओळ त्यांची, मग बाकीच्यांची. आता त्यांच्या जागेवर शकुंतलाबाई बसायला लागल्या होत्या. शकुंतलाबाई स्वभावाने चांगल्या. जाताना गेटमधूनच हात जोडून म्हणायच्या, "शरणार्थ माई! तुमची जागा मी राखून ठेवलीय बरं का."

"राखतीय कुठली," माई खिडकीत बसून म्हणायच्या. "बूड टेकलंय तिचं तिथं. माघारी देती का आता?"

सोमवारी संध्याकाळी भजनाचा आवाज घरापर्यंत यायचा. माई डोळे मिटून ऐकायच्या आणि एका विशिष्ट ठिकाणी तोंड वाकडं करायच्या. "बघ, बघ. हितं. तिचा सूर यांच्या रस्त्यासारखा हाय. मधीच बसतो."

साहेब पेपर वर धरायचे.

सून-मुलगा पुण्याला होते, ते फोनवर सांगायचे की आईला आमच्याकडे पाठवा. माई म्हणायच्या, "तिथं लिफ्ट हाय, माझा सोमवार न्हाई." त्यांना काही फार नको होतं. गेटपर्यंत सपाट जागा पाहिजे होती. बाकीचं त्या स्वतःच्या पायांनी बघणार होत्या. आणि ही सपाट जागा करून द्यायची जबाबदारी ज्यांच्यावर आली होती, त्यांनी तालुका भरून रस्ते केले होते. माझ्या मते माईंची खरी अडचण हीच होती.

पहिल्या दुरुस्तीचं रीतसर भूमिपूजन झालं. मी बँकेत निघाले होते, तर साहेबांनी नारळ माझ्या हातात दिला. "बँकेचं प्रतिनिधित्व पायजे," म्हणाले. नारळ माझ्याकडून तिसऱ्या फटक्याला फुटला, तोवर शेजारच्या गच्चीवर चांगली गर्दी जमली होती. मग दोन मजुरांनी ब्लॉक उचलले, खड्ड्यात मुरूम लोटला, वरून पाय नाचवले आणि ब्लॉक परत मांडले. साहेब दिवसभर देखरेख करत होते. खुर्ची सावलीत होती आणि सावली नेमकी अशी होती की कामाकडे पाठ यावी. संध्याकाळी ते उठले, टाच दोनदा आपटली. "ठीक हाय, चालू द्या."

त्याच आठवड्यात पाण्याचा टँकर हौद भरायला आत आला. त्याचं मागचं चाक अर्धं जमिनीत गेलं.

"टँकरचं चाक रुतलेलं आढळून आलं," साहेब आत येऊन म्हणाले.

"आढळून काय आलं?" माई खिडकीतून म्हणाल्या. "गल्ली गोळा झालीय बघायला. तुमालाच तेवढं आत्ता आढळलं."

मग बन्सी गुत्तेदार आले. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. साहेबांच्या काळातली निम्मी कामं बन्सीभाऊंनीच केली होती. गाडीतून उतरले ते थेट साहेबांच्या पायाशी वाकले. "साहेब, आमी मेलो हुतो का? दुसऱ्याला कावून सांगितलं? लोकं काय म्हणतील, साहेबाच्या दारात खड्डा आन बन्सी जित्ता हाय?"

साहेबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी फुलला. "बन्सी, आता पक्का कर. काँक्रीट. हिला बाहेर पडायचंय."

"वहिनी नाचत जातील, साहेब."

"चालत गेले तरी पुरं," माई म्हणाल्या.

काम झपाट्याने झालं. मी बँकेत गेले तेव्हा मिक्सर गल्लीत घरघरत होता, परत आले तेव्हा गेटपासून पायरीपर्यंत गुळगुळीत राखाडी पट्टा पडला होता. साहेब दिवसभर खुर्चीत होते. पट्टा चालण्याजोगा झाल्यावर टाचेची तपासणी झाली आणि निकाल जाहीर झाला. माईंनी सोमवारसाठी इरकल लुगडं काढून ठेवलं.

बन्सीभाऊ काम संपल्याचे पेढे घेऊन आले त्या संध्याकाळी मी खालीच होते. माईंच्या फोनमध्ये त्यांच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग हरवलं होतं, ते मी शोधत होते. बन्सीभाऊंनी पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि त्याच्याखाली एक पाकीट सरकवलं.

"अरे, कशाला उगं," साहेब म्हणाले, आणि पाकीट उचलून खिशात, पेनांच्या मागे ठेवलं. दोन्ही गोष्टी इतक्या सरावाने झाल्या की देणाऱ्याने बघितलं नाही आणि घेणाऱ्यानेही नाही.

बघितलं माईंनी.

"कशाचं हाय ते, बन्सीभाऊ?"

"आपलं नेहमीचंच, वहिनी."

"कोन्त्या कामाचं?"

"ह्याच की. दारातल्या."

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"बन्सी," ते हळू म्हणाले, "अरे, ह्या कामाचे पैसे तर मीच दिले तुला."

"व्हय साहेब."

"मंग त्यातलेच मला कावून देतो?"

बन्सीभाऊंना खरंच लागलं. मी त्यांचा चेहरा बघितला म्हणून सांगते, त्यात लबाडी नव्हती. "असं कसं साहेब? आजवर कोन्त्या कामात तुमाला इसरलो का मी? घरचं काम हाय म्हणून साहेबाचं काढायचंच न्हाई? बरं दिसतं का ते? साहेब रिटायर झाले आन बन्सी बदलला, म्हणतील लोकं."

माई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून, मग गुडघे धरून. "देवा महादेवा! सोताच्या दारात सोताचाच हिस्सा!"

साहेब हसले नाहीत. "आन हे काढलं कशातनं तू?"

"कशातनं म्हंजे? नेहमी काढतो त्यातनंच, साहेब. थोडं खालच्या दगडातनं, थोडं सिमेटातनं. लई न्हाई. घरचं म्हणून हात आखडूनच काढलं." मग त्यांना वाटलं असावं की साहेबांना आधार द्यावा. "तुमी हुतात की खुर्चीत. तुमच्या डोळ्यांदेखत केलंय समदं."

"मी हुतो," साहेब म्हणाले.

मी फोनमधून डोळे वर काढले नाहीत. रेकॉर्डिंग केव्हाच सापडलं होतं.

सोमवार आला. माईंनी इरकल नेसलं, कपाळाला भस्म लावलं आणि वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या. दारात साहेब उभे होते, दोन्ही हात चौकटीला लावून.

"रस्ता वाहतुकीस बंद हाय," ते म्हणाले.

"कावून? परवाच तर पास केला तुमी. मी ऐकली ना टाच."

साहेबांनी खाली बघितलं.

"म्हणूनच," ते म्हणाले.

माईंना राग यायला हवा होता. पण त्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मग वॉकर वळवून आत गेल्या. त्या संध्याकाळी शकुंतलाबाईंचा सूर नेहमीच्या जागी बसला, तेव्हा माईंनी तोंडही वाकडं केलं नाही. साहेबांच्या तोंडून 'आढळून आलं' असंही काही आलं नाही. मला वाटतं, रस्त्याखाली काय नाही हे इतकं नक्की माहीत असण्याची त्यांची ही पहिलीच वेळ नव्हती. त्यावरून कोण जाणार हे माहीत असण्याची पहिली असेल.

दुसऱ्या दिवशी ब्रेकर आणून त्यांनी तो नवाकोरा पट्टा फोडायला लावला. काँक्रीट बिस्किटासारखं निघालं. बन्सीभाऊ फोडलेल्या तुकड्यांकडे असे बघत होते, जसं कोणी त्यांच्याच घरावर नांगर फिरवतंय.

या वेळी खुर्ची नव्हती. साहेब उन्हात उभे होते, डोक्यावर ओला रुमाल, पांढऱ्या शर्टावर मातीचे हात. काळी माती संपेपर्यंत खाली खोदलं. खाली पिवळा कडक मुरूम लागला तेव्हा साहेब स्वतः खड्ड्यात उतरले. दगड आले, तर एकेक बघून घेतला. दगडावर मुरूम, त्यावर पाणी, त्यावर दणके देणारं मशीन, परत मुरूम, परत पाणी, परत मशीन. माझ्या खोलीतला आरसा त्या मशीनने भिंतीवरून पडला. तो कोणालाही आढळून आला नाही.

मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते तेव्हाचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. बन्सीभाऊ घाम पुसत म्हणाले, "साहेब, रागावू नका, पण एवढं तर आपुन पुलाला केलं न्हाई."

साहेबांनी मशीनवाल्याला हाताने खूण केली, अजून एकदा. मग म्हणाले, "पुलावरनं माझं कोण जात हुतं?"

मी टॉवेल पिळला. दर शनिवारी बीडला घरी जाताना वाटेत एक पूल लागायचा. तो हाच पूल का, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून मात्र बस त्या पुलावर आली की मी पर्स घट्ट धरून बसायचे. पर्सचा नेमका काय उपयोग होणार होता, मला सांगता यायचं नाही.

साहेब बदलले, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. पाकीट परत केलेलं मी बघितलं नाही. गल्लीतल्या एकाने घराचं काम काढलं तेव्हा साहेबांनी बन्सीभाऊंचीच शिफारस केली, आणि त्याच्या ओट्यावर जाऊन टाच आपटूनही आले. पण घरचा रस्ता ही वेगळी गोष्ट झाली होती. गल्ली ते मान्य करून मोकळी झाली. "साहेबाचं काय काम हाय," लोक आपल्या पाहुण्यांना गेटमधून दाखवायचे. "तालुक्यात असा तुकडा न्हाई." हे खरंच होतं, आणि ते ऐकून साहेब खूश व्हायचे, हे जास्त विशेष होतं.

नवं काँक्रीट पडलं आणि साहेब त्याला पाणी मारायला लागले. काँक्रीटला काही दिवस ओलं ठेवावं लागतं, ते मलाही आता माहीत झालं होतं. पण साहेब थांबेचनात. पट्ट्यावर पोती अंथरली, पोत्यांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी. गल्लीत टँकरपुढे हंड्यांची रांग लागलेली असायची आणि साहेब पाइप धरून उभे असायचे.

"मला तांब्या मोजून देता, आन रस्त्याला टँकर," माई म्हणायच्या.

"पिऊ दे त्याला. आत्ता पिला तरच पुढं टिकतो."

"आन मी? मी कवा टिकू?"

"घाई करायची न्हाई. अजून एक सोमवार."

असे किती सोमवार गेले, मी मोजले नाहीत. पोती कडक उन्हात वाळायची, साहेब परत भिजवायचे. कोणी गेटमधून आत पाय टाकला की ओरडायचे. माझी स्कूटी गल्लीत उभी राहायला लागली. आधी वाईट कामामुळे माई आत होत्या. आता चांगल्या कामामुळे आत होत्या. शकुंतलाबाईंनी देवळात आपली वेगळी सतरंजी आणून टाकल्याची बातमी आली, तेव्हा माई दोन दिवस साहेबांशी बोलल्या नाहीत.

दरम्यान माझी बदली बीडला झाली. न्यायला बाबा गाडी घेऊन आले, तो सोमवारच होता. साहेबांनी गाडी आत घेऊ दिली नाही. बॅगा आम्ही भिंतीला खेटून, पट्ट्यावर पाय न टाकता, एकेक करून बाहेर नेल्या. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना डोळ्यांनी सांगत होते, नंतर सांगते.

शेवटची बॅग ठेवून मी माईंना नमस्कार करायला आत वळले, तर माईच दारात आल्या होत्या. इरकल, कपाळावर भस्म, पिशवीत टाळ.

"सरका," त्या साहेबांना म्हणाल्या.

"अगं, अजून चार दिस..."

"सरका म्हणते ना."

साहेब सरकले. माईंनी वॉकरच्या टोकाने पोतं बाजूला लोटलं आणि पहिला पाय टाकला. वॉकर टेकवायचा, एक पाय, दुसरा पाय. साहेब आधी त्यांच्याकडे बघत होते. मग ते खाली बसले, मग हात टेकले, आणि गाल जवळजवळ जमिनीला लागेल एवढे वाकून काँक्रीटच्या पातळीतून बघायला लागले, माईंच्या पायाखाली कुठे दबतंय का ते. पांढरा शर्ट ओल्या पोत्यावर पसरला होता. जीपमधून जेमतेम उतरणारा माणूस.

माई गेटपाशी पोचल्या. मागे न बघता म्हणाल्या, "उठा आता. पोरगी बघतीय."

"हललं का?" साहेब खालूनच म्हणाले.

"न्हाई हललं."

साहेब उठले. गुडघ्यांना लागलेलं पाणी त्यांनी झटकलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांचं एखादं काम वापरून बघून कोणी त्यांना असं सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

मी माईंच्या पाया पडले. त्यांनी गालावरून हात फिरवला, "येत जा गं," म्हणाल्या, आणि गेटच्या बाहेर वॉकर टेकवला. त्याचा पुढचा पाय खडीत घुसला आणि त्या झुकल्या. मी धरलं.

गल्लीचा रस्ता खराबच होता. शिरूरमध्ये सगळेच तसे, म्हणून मी त्याबद्दल कधी विचार केला नव्हता. वर्षभर त्यावरून स्कूटी नेली आणि खड्डे चुकवले, एवढंच. माई मात्र वॉकर वर ओढत खाली बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

"अन् हा कुणाचा, ओ?"

साहेब गेटच्या आत, आपल्या काँक्रीटवर उभे होते. थोडा वेळ त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

"आपलाच हाय," ते म्हणाले, आणि बाहेर आले. माझा हात बाजूला करून त्यांनी माईंचा दंड धरला.

आम्ही गाडीत बसलो. गल्ली अरुंद, पुढे ती दोघं. बाबांनी हॉर्नवर हात ठेवला, तो मी काढला. गाडी त्यांच्या मागे मागे चालली. काच खाली होती, म्हणून ऐकू येत होतं.

"हितं न्हाई. उजवीकडं घे."

"दिसतंय की चांगलं."

"दिसतं. खाली पोकळ हाय. हितं ठिव. हां. आता त्या दिव्याच्या खांबापस्तोर मधून चाल, कडंला जाऊ नको. कडंला दगड टाकलेलाच न्हाई."

"एवढं कसं ठावं तुमाला?"

साहेब एक पाऊल पुढे, वाकून, बोट दाखवत होते. वरून सारखीच दिसणारी जमीन. माई त्यांच्या बोटाकडे बघून वॉकर टेकवत होत्या. देवळापर्यंत एकही जागा साहेबांची चुकली नाही.